घरच्या फायबरचा आयपी बदलून घेताना: तालुक्याच्या एका इंटरनेट सेवेचे परीक्षण

आमच्या घरचे फायबरचे इंटरनेट तालुक्याच्या गावातल्या एका स्थानिक ऑपरेटरचे आहे. हा गृहस्थ पूर्वी केबल टीव्ही चालवत असे. आता तो नागपूरच्या एका मोठ्या पुरवठादाराकडून बँडविड्थ घेऊन महामार्गालगतच्या आणि आतल्या गावांना घरोघरी जोडण्या देतो. त्याच्या वेगाबद्दल, दरांबद्दल आणि विजेच्या खांबांवरून ओढलेल्या त्याच्या केबलींवर माकडे झोके घेतात त्याबद्दल गावात पुष्कळ बोलले जाते. मी येथे त्याच्या एकाच सेवेचे परीक्षण करणार आहे, ती म्हणजे घरच्या जोडणीचा आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ज्या आकड्याने ओळखली जाते तो) बदलून देणे आणि मागणी केल्यास कायमचा एकच पत्ता देणे. वर्धा जिल्ह्याच्या संत्रा-कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ही भानगड कशाला हवी, असे कोणी विचारील. पण घरून काम करणारी माणसे आता खेड्यातही आहेत, अंगणात कॅमेरे आहेत, आणि या विषयावर मराठी व्हिडिओंतून जे सांगितले जाते त्यातले बरेचसे आमच्याकडच्या जोडणीला लागू पडत नाही.

गरज आमच्या घरी दोन कारणांनी निर्माण झाली आणि ती दोन्ही एकमेकांच्या उलट होती. माझी अडचण अशी होती की आमचा पत्ता बदलावा. शोधयंत्रावर काही पाहायला बसले की या नेटवर्कवरून असामान्य रहदारी होत असल्याचा संदेश येई, मग चित्रांमधले सिग्नल आणि बसगाड्या ओळखून दाखवाव्या लागत, आणि एखादे संकेतस्थळ तर पान उघडण्याआधीच प्रवेश नाकारी. सुनेची अडचण अशी होती की पत्ता बदलूच नये. ती नागपूरच्या एका कर-सल्लागार कार्यालयाचे काम घरून करते आणि त्या कार्यालयाचा सर्व्हर फक्त आधी नोंदवलेल्या आयपी पत्त्यांनाच आत घेतो. लाईट गेली, राउटर बंद पडला, परत सुरू झाला की आमचा पत्ता निराळा होण्याचा संभव असे, आणि मग कार्यालयात फोन करून तिथल्या मुलाला नवा पत्ता नोंदवायला सांगेपर्यंत तिचे काम अडून राही. विवरणपत्रांच्या मुदतीच्या दिवसांत हे किती तापदायक होते ते सांगायला नको.

या सेवेचे मूल्यमापन करायचे तर आधी कोणता पत्ता बदलायचा आहे हे नेमके ठरवले पाहिजे, कारण एका घरगुती जोडणीत पत्त्यांचे तीन थर असू शकतात. पहिला घराच्या आतला, जो राउटर प्रत्येक फोनला आणि लॅपटॉपला देतो आणि जो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. हा हवा तितक्या वेळा बदलता येतो, पण घराबाहेर तो कोणालाच दिसत नसल्यामुळे त्याचा आमच्या अडचणीशी काही संबंध नाही. दुसरा पत्ता ऑपरेटर आपल्या राउटरला देतो. तिसरा तो, जो बाहेरच्या संकेतस्थळाला दिसतो. शहरातल्या अनेक जुन्या जोडण्यांमध्ये दुसरा आणि तिसरा पत्ता एकच असतो, आणि म्हणूनच 'राउटर बंद करून चालू करा, पत्ता बदलेल' हा सल्ला तिथे चालून जातो. आमच्याकडे ते दोन वेगळे आहेत. हे तपासायला फार काही करावे लागत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ लिहून राउटरच्या पानावर जावे (काही कंपन्यांच्या राउटरचा आकडा थोडा निराळा असतो, तो खालच्या स्टिकरवर छापलेला असतो), तिथे 'स्टेटस'मधल्या 'वॅन' (म्हणजे राउटरची बाहेरची बाजू) या ओळीतला पत्ता पाहावा आणि 'माझा आयपी कोणता' हे सांगणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर दिसणारा पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर पत्ता तुमचा स्वतःचा आहे. आमच्या राउटरच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता होता आणि बाहेर दिसणारा अगदीच वेगळा, १०३ ने सुरू होणारा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल तर आणखी काही विचारण्याचे कारणच उरत नाही, कारण १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा टापू २०१२मध्ये नेमक्या याच कामासाठी, म्हणजे अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी, राखून ठेवलेला आहे. तांत्रिक भाषेत याला सीजीनॅट म्हणतात.

ऑपरेटर असे का करतो, याचे उत्तर त्याच्या लबाडीत नाही, हे मला येथे मोकळेपणाने लिहिले पाहिजे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपला, आणि आशिया-पॅसिफिक विभागाचे वाटप पाहणाऱ्या एपनिक या संस्थेने त्याच वर्षीच्या एप्रिलपासून शिधावाटप सुरू केले: एका सभासदाला शेवटच्या साठ्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, आणि २०१९पासून तर फक्त ५१२. ज्याने त्यानंतर दुकान मांडले त्याच्याकडे हजारो ग्राहकांसाठी काही शे पत्ते, अशी स्थिती असते. भारतात हे वाटप निक्सीच्या छत्राखालील इरिन या नोंदणी संस्थेकडून होते, आणि तालुक्याचा ऑपरेटर पुष्कळदा तिच्याकडेही न जाता वरच्या पुरवठादाराकडूनच थोडे पत्ते भाड्याने घेतो. त्यामुळे त्याने एक पत्ता एका घरासाठी अडकवून ठेवायचा तर त्याचे वेगळे पैसे मागणे मला गैर वाटत नाही; किती मागावेत, याबद्दल मतभेद होऊ शकतो.

आश्रमशाळेतल्या सगळ्या मुलांची पत्रे जशी शाळेच्या एकाच पत्त्यावर येतात आणि अधीक्षक नाव पाहून ती ज्याची त्याला देतात, तशी सीजीनॅटची व्यवस्था आहे. आतून कोणी पत्र पाठवले तर त्याचे उत्तर बरोबर त्याच्याकडे पोहोचते. परंतु बाहेरून कोणी आपणहून भेटायला आले तर कोणत्या खोलीत जायचे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि एका मुलाने बाहेर खोडी केली तर नाव शाळेचे खराब होते. माझी शोधयंत्राची अडचण या दुसऱ्या प्रकारातली होती. आमच्याच सार्वजनिक पत्त्यामागे आणखी किती घरे, किती दुकाने आणि किती सेवा केंद्रे होती कोण जाणे. त्यांच्यापैकी कोणाच्या संगणकात विषाणू शिरला असेल किंवा कोणी एखाद्या संकेतस्थळावर यंत्राने धडाधड विनंत्या पाठवत असेल, तर त्याचा ठपका सगळ्यांवर येणार. कोणी काय केले याचा माग मात्र राहतो, कारण पत्ता आणि पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या निरनिराळ्या जोडण्या वेगळ्या ओळखण्याचा आकडा) यांची वेळेनिशी नोंद ठेवणे ऑपरेटरवर बंधनकारक आहे, आणि दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१मध्ये ती नोंद जपण्याची मुदत वाढवून किमान दोन वर्षे केली. पत्ता बदलला म्हणजे आपण अदृश्य झालो, असे समजणाऱ्या तरुण मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आता फुकटात जे करता येते त्याबद्दल. राउटर बंद करून चालू केल्यावर आमच्याकडे १०० ने सुरू होणारा मधला पत्ता जवळजवळ प्रत्येक वेळी बदलतो, कारण आमची जोडणी पीपीपीओई पद्धतीची आहे, म्हणजे राउटर दर वेळी नाव आणि पासवर्ड देऊन नव्याने आत शिरतो आणि साठ्यातला जो पत्ता मोकळा असेल तो त्याला मिळतो. बाहेरचा पत्ता मात्र ऑपरेटरच्या यंत्रणेतल्या मोजक्या पत्त्यांपैकी एक असतो. कधी तोच राहतो, कधी शेजारचा मिळतो. सुनेचे काम अडायला हा 'कधी शेजारचा' पुरेसा होता आणि माझी अडचण सुटायला तो पुरेसा नव्हता, कारण शेजारच्या पत्त्याचीही तीच बदनामी झालेली असे. ज्यांची जोडणी डीएचसीपी पद्धतीची आहे त्यांची गोष्ट थोडी निराळी असते. तिथे पत्ता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर मिळतो, अर्धी मुदत उलटली की राउटर आपणहून तो वाढवून घेतो, आणि राउटर पाच मिनिटे बंद ठेवून काहीच होत नाही. भाडेपट्टा संपेपर्यंत बंद ठेवला तरच नवा पत्ता मिळण्याची शक्यता. अशा ठिकाणी राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाला कारखान्यातच दिलेला ओळख क्रमांक, बदलून सर्व्हरला नवे उपकरण असल्याचे भासवता येते आणि त्याला नवा पत्ता मिळतो. हा उपाय व्हिडिओंमध्ये फार उत्साहाने सांगितला जातो. आमच्याकडे तो करू नये, कारण आमचा ऑपरेटर ग्राहकाचे खाते त्याच्या राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवतो आणि तो बदलला की नवा आयपी तर मिळत नाहीच, उलट असलेले इंटरनेटही बंद पडते व कार्यालयातून गाठ सोडवून घेईपर्यंत बंदच राहते. जुना राउटर जळून नवा आणला तरी हीच प्रक्रिया करावी लागते, हे पावसाळ्यात वीज पडून उपकरणे जळणाऱ्या आमच्या भागात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

व्हीपीएन, म्हणजे आपली रहदारी दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून वळवून नेण्याची सोय, हा आणखी एक मार्ग. त्याने बाहेर दिसणारा पत्ता बदलतो यात शंका नाही, पण मिळणारा पत्ताही सामायिकच असतो आणि पुष्कळदा आपल्या जुन्या पत्त्यापेक्षा अधिक बदनाम असतो, त्यामुळे चित्रांतल्या बसगाड्या ओळखण्याचे काम वाढते. परदेशातला पत्ता घेतला तर आपली काही सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि बँकेला ग्राहक अचानक दुसऱ्या देशात गेल्यासारखा दिसतो. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे जपण्याचा आदेश दिल्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले, म्हणजे भारतीय पत्ता देणारी विश्वासार्ह सेवा शोधणे त्यानंतर अधिक किचकट झाले. सुनेच्या कार्यालयाला तर व्हीपीएनचा सामायिक पत्ता नोंदवणे मंजूरच नव्हते, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

म्हणून स्थिर पत्त्याची मागणी नोंदवली. इथून सेवेचे खरे परीक्षण सुरू होते, आणि सुरुवात चांगली नव्हती. ग्राहक सेवेचा म्हणून जो क्रमांक दिलेला आहे त्यावर बोलणाऱ्या मुलीला वेग कमी आहे किंवा लाल दिवा लागला आहे या दोन तक्रारींपलीकडे काही नोंदवण्याची सोयच नव्हती. 'आयपी' हा शब्द ऐकून तिने लाइनमन पाठवून दिला. लाइनमन मोठा गुणी माणूस आहे. त्याने सवयीने आधी भिंतीवरच्या ओएनटीचे, म्हणजे फायबरची तार जिथे येऊन संपते त्या डबीचे, दिवे पाहिले, पॉवरचा हिरवा, पॉनचा हिरवा, लॉसचा विझलेला, म्हणजे तार ठीक, मग प्रकाशाची मात्रा मोजायच्या यंत्राला हातही न लावता तो म्हणाला, "काकाजी, थो आयपी आमच्या हाती नाही न. थो नागपूरहून येते. तुमी राउटर कितीबी बंद-चालू करा, बाहेरचा थोच राहीन. फिक्स पायजे असन तं हापिसात अर्ज द्या लागते." ग्राहक सेवेच्या संपूर्ण यंत्रणेत कामाचे उत्तर देणारा हा एकटा माणूस भेटला, आणि तो खांबावर चढणारा आहे, हे मी गुणदोषांच्या दोन्ही रकान्यांत लिहितो.

तालुक्याच्या कार्यालयात मात्र काम सरळ झाले. अर्ज, आधारची छायाप्रत, पत्ता कशासाठी हवा आहे त्याची एक ओळ आणि वर्षाचे २,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६० रुपये. घरगुती योजनेवरही स्थिर पत्ता देतात का, ही माझी शंका होती, कारण काही ठिकाणी त्यासाठी महागडी व्यावसायिक योजना घ्यायला लावतात. इथे तशी अट नव्हती. पैसे भरल्याची पावती मिळाली, पण तिच्यावर नुसते 'इतर शुल्क' असे लिहिलेले होते. कोणत्या सेवेचे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घेण्यासाठी मला पुन्हा खिडकीशी उभे राहावे लागले आणि कारकुनाने ते पेनाने लिहून दिले.

पत्ता चालू करण्याची त्यांची पद्धत मला पसंत पडली. काही पुरवठादार ग्राहकाला आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस असे चार आकडे देऊन ते राउटरमध्ये हाताने भरायला सांगतात, आणि राउटर फॅक्टरी रिसेट झाला की सगळे पुन्हा भरावे लागते. आमच्या ऑपरेटरने पत्ता आमच्या पीपीपीओई खात्यालाच जोडून टाकला. राउटरमध्ये काहीही बदलावे लागले नाही. तो एकदा बंद करून चालू केला आणि 'वॅन'च्या ओळीत १०० ऐवजी १०३ ने सुरू होणारा पत्ता आला, जो बाहेरही तोच दिसत होता. राउटर बदलला तरी तोच नाव-पासवर्ड घातल्यावर तोच पत्ता मिळणार. ज्या घरात तांत्रिक माहिती असलेला माणूस नाही तिथे ही पद्धत फार सोयीची आहे.

नवा पत्ता मिळाल्यावर त्याचा पूर्वेतिहास पाहून घ्यावा, ही गोष्ट मी प्रत्येकाला सुचवीन. पत्ते नवे नसतात. ते एका ग्राहकाकडून सुटून दुसऱ्याकडे येतात, आणि आधीच्याने त्यावरून कचरा मेल पाठवलेल्या असतील तर तो डाग पुसला जायला वेळ लागतो. पत्ता काळ्या यादीत आहे का, हे सांगणारी संकेतस्थळे फुकट आहेत. आम्हाला प्रथम मिळालेला पत्ता अशा एका यादीत निघाला आणि सुनेच्या कार्यालयातल्या मुलाने तो नोंदवायला नकार दिला. मी तो पुरावा व्हॉट्सॲपवर ऑपरेटरच्या कार्यालयाला पाठवला, आणि त्यांनी कुरकुर न करता, जास्तीचे पैसे न मागता दुसरा पत्ता लावून दिला. या एका वागण्यासाठी मी त्यांना पुरे गुण देतो. त्यानंतर सुनेच्या कामात पत्त्यामुळे अडथळा आलेला नाही, आणि शोधयंत्राचे ते संदेशही थांबले आहेत, कारण आता त्या पत्त्यावरून जे काही होते ते फक्त आमच्या घरचे असते.

नकाशावरच्या स्थानाबद्दल अपेक्षा ठेवू नये, एवढे जाता जाता सांगतो. पत्ता बदलला तरी तो नोंदवलेला असतो वरच्या पुरवठादाराच्या नावावर, त्यामुळे संकेतस्थळांना आमचे गाव कधी नागपूर दिसते, कधी मुंबई. मुंबईतल्या दुकानांच्या जाहिराती आम्ही अजूनही पाहतो.

स्थिर पत्त्याचा दुसरा उपयोग कॅमेऱ्यांसाठी. अंगणात कापसाच्या गंजीवर आणि औजारांच्या खोलीवर लक्ष ठेवणारे कॅमेरे आहेत, आणि आम्ही नागपूरला मुलीकडे गेलो की ते पाहता यावेत अशी इच्छा असते. सीजीनॅटच्या मागून कॅमेरा थेट उघडता येत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरची विनंती आतल्या उपकरणाकडे धाडण्याचे, कितीही नियम लिहिले तरी बाहेरची विनंती ऑपरेटरच्या यंत्रणेपाशीच थबकते. बदलत्या पत्त्याला नाव देणारी डीडीएनएस सेवाही इथे निरुपयोगी, कारण ती ज्या पत्त्याकडे बोट दाखवते तो पत्ता आपला नसतोच. क्यूआर कोड स्कॅन करून चालणारे आजचे कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरशी आतूनच संपर्क साधत असल्यामुळे ते सीजीनॅटमागूनही चालतात, आणि ज्याला एवढेच पुरते त्याने केवळ कॅमेऱ्यासाठी स्थिर पत्ता घेऊ नये. आमचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, जुना आहे आणि त्याच्या कंपनीची ती सेवा बंद पडलेली आहे.

मात्र स्थिर पत्त्यावर डीव्हीआर उघडा टाकणे म्हणजे उंबरठ्यावर किल्ली ठेवून जाणे आहे, आणि आमच्या ऑपरेटरने याबद्दल अवाक्षरही काढले नाही, हा मी त्याचा मोठा दोष समजतो. सार्वजनिक पत्ते दिवसरात्र चाळत बसणारी यंत्रे जगभर आहेत. आमच्या राउटरच्या नोंदवहीत पत्ता चालू झाल्याबरोबर अनोळखी ठिकाणांहून दार ठोठावल्याच्या ओळींची रांग लागली होती. ऑक्टोबर २०१६मध्ये अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला होऊन अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली होती, तो हल्ला मिराई नावाच्या विषाणूने ताब्यात घेतलेल्या अशाच कॅमेऱ्यांतून आणि डीव्हीआरमधून झाला होता, आणि तो विषाणू आत शिरत होता तो मालकांनी कधीच न बदललेल्या कारखान्याच्या पासवर्डमधून. म्हणून आम्ही डीव्हीआरचे एकही पोर्ट बाहेर उघडले नाही. राउटरमध्येच वायरगार्ड पद्धतीचा घरचा व्हीपीएन लावून घेतला, त्याचे एकच दार बाहेर ठेवले, यूपीएनपी (आतल्या उपकरणांना आपणहून बाहेरची दारे उघडू देणारी सोय) बंद केले आणि राउटरचे पान बाहेरून उघडण्याची सोयही बंद केली. नागपूरहून फोन आधी घरच्या जाळ्यात शिरतो आणि मग कॅमेरे पाहतो. ही व्यवस्था भाच्याने लावून दिली. ज्याच्याकडे असा माणूस नसेल त्याला ऑपरेटरने ती पैसे घेऊन तरी लावून द्यावी, पण तशी सेवा त्यांच्याकडे नाही.

पत्ता वारंवार बदलण्याचे आमच्याकडचे मूळ कारण वीज आहे, आणि त्यावरचा उपाय ऑपरेटरच्या यादीत नसून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. फायबरच्या ज्या पद्धतीने घरोघरी जोडण्या दिल्या जातात तिच्यात तालुक्याच्या यंत्रापासून आपल्या भिंतीपर्यंतच्या वाटेवर वीज लागतच नाही. मधले स्प्लिटर नुसता प्रकाश विभागून देतात. तेव्हा तिकडे बॅटरी असेल आणि इकडे ओएनटी व राउटर चालू राहतील एवढी तजवीज केली तर गावभर अंधार असतानाही जोडणी तुटत नाही, आणि जोडणी तुटली नाही तर पत्ताही बदलत नाही. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस ओएनटीला आणि राउटरला लावल्यावर रोजच्या भारनियमनात पत्ता बदलणे पुष्कळ कमी झाले, आणि हे आम्ही स्थिर पत्ता घेण्याआधी केले होते. ज्यांची गरज सुनेच्या कार्यालयाइतकी कडक नाही, त्यांचे काम कदाचित एवढ्यावरच भागेल. यूपीएस घेताना ॲडाप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहूनच घ्यावा, कारण काही ओएनटी १२ व्होल्टवर चालतात तर काही राउटर ९ व्होल्टवर, आणि दुकानदार पिन बसली की झाले असे समजतो. तालुक्याच्या यंत्राकडची बॅटरी मात्र मे-जूनच्या वादळात लाईट रात्रभर गेली की दगा देते, आणि त्या वेळी आपला यूपीएस कितीही चांगला असला तरी उपयोग नसतो.

आयपीव्ही६ बद्दल कार्यालयात विचारले तेव्हा 'अजून आले नाही' असे उत्तर मिळाले. हे मला सर्वांत निराशाजनक वाटले. नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे टंचाई नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, आणि जिओच्या मोबाइल जाळ्यावर तर तो आमच्या याच गावात हातातल्या फोनला मिळतो. तिथे पत्ता बदलण्याचा प्रश्नही वेगळा होतो: फोन आणि संगणक आपणहून, साधारण रोज, पत्त्याचा शेवटचा अर्धा भाग बदलत राहतात, म्हणजे माणसावर पाळत ठेवणे अवघड जाते, आणि पहिला भाग मात्र ऑपरेटरने दिलेला असतो. हा पहिला भाग ऑपरेटरने न बदलता दिला तर अंगणातल्या कॅमेऱ्याकरिता २,३६० रुपये भरण्याचे कारणच राहणार नाही. अर्थात सुनेच्या कार्यालयाचा सर्व्हर जुन्या पद्धतीचाच पत्ता मागतो, तेव्हा आमचे पैसे तरीही गेलेच असते.

आता नूतनीकरणाचा मुद्दा, जो पैसे भरण्याआधी प्रत्येकाने विचारून घ्यावा. इंटरनेटच्या योजनेची मुदत आणि स्थिर पत्त्याची मुदत वेगवेगळ्या तारखांना संपते. योजनेची आठवण करून देणारा संदेश फोनवर येतो, पत्त्याची येत नाही, आणि ऑपरेटरच्या ॲपमध्ये तर ही दुसरी तारीख कोठेच दिसत नाही. मुदत संपली की खाते निमूटपणे पुन्हा सीजीनॅटमागे जाते, इंटरनेट चालूच राहते, आणि बिघाड काय झाला हे कळायला अर्धा दिवस जातो. सुटलेला पत्ता किती दिवस आपल्यासाठी राखून ठेवतात, हे पावतीवर छापलेले नाही. कार्यालयात विचारले तेव्हा पंधरा दिवस, असे तोंडी उत्तर मिळाले, आणि ते मी त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतले. तारीख आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नोंदवून ठेवली आहे. ऑपरेटरने ती ॲपमध्ये दाखवायला सुरुवात केली तर याच दरात मी ही सेवा शेजाऱ्यालाही घ्यायला सांगेन. तोवर ज्याच्या कामाची अट आहे त्यानेच ती घ्यावी आणि कॅमेऱ्यापुरती गरज असेल त्याने क्यूआर कोडचा नवा कॅमेरा घ्यावा, तो एका वर्षाच्या शुल्काच्या आसपास मिळतो.